नथीचे फोटो: जवळून घेणारी झूम लेन्स सुचवा (बजेट 12 हजार)

जळगावची_नथ
नमस्कार मंडळी. मी आणि माझी जाऊ घरी मोत्याच्या नथी, कुड्या, चिंचपेट्या करतो आणि व्हॉट्सअ‍ॅपवर विकतो. कॅमेरा कॅनन 1500डी, सोबत आलेली 18-55 मिमीची झूम लेन्स. नथ जवळून घ्यायला गेलं की एकतर फोकस बसत नाही, नाहीतर लेन्सची सावली मोत्यावर पडते. मोबाइलवर काढली तर नथ वाकडी दिसते. झूमच हवी, कारण आज कुडी तर उद्या अख्खी चिंचपेटी. बजेट 12 हजार, वर एक रुपया नाही. जुनी चालेल.

धुळेकर
भाऊ, डोळे मिटून कॅननची 100 मिमी मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून फोटो घेणारी लेन्स घ्या. सहा वर्षं वापरतोय, लग्नातल्या अंगठ्या अशा येतात की सराफ फोटो मागून नेतात. बजेट थोडं वाढवा, एकदाच घ्यायची वस्तू आहे.

जळगावची_नथ
भाऊ नाही, ताई. ती झूम नाही, बजेटमध्येही नाही.

सातपुडा_क्लिक
लेन्सवर ‘मॅक्रो’ छापलंय म्हणून भुलू नका. खरी मॅक्रो म्हणजे 1:1, वस्तू जेवढी तेवढीच सेन्सरवर (कॅमेऱ्यातल्या फोटो टिपणाऱ्या चिपवर). झूमवाले 1:3, 1:4 लाही बिनदिक्कत मॅक्रो छापतात. सिग्मा 17-70 कंटेम्पररी 1:2.8 पर्यंत जाते. टॅमरॉन 70-300 1:2 पर्यंत, पण फक्त 180 ते 300 मध्ये आणि बाजूचं बटण सरकवल्यावरच. तिला हात हलला तरी फोटो सावरणारा स्टॅबिलायझर नाही, हातात धरून काढाल तर रडाल.

तापीकाठ
निकॉनवाले मॅक्रोला मायक्रो म्हणतात, तेच बरोबर आहे. मॅक्रो म्हणजे मोठं.

सातपुडा_क्लिक
ताईंचा कॅमेरा कॅनन आहे. निकॉनचा धागा वेगळा काढा.

तापीकाठ
माहिती दिली तरी राग येतो लोकांना.

चोपडा_फाटा
इतला पैसा कशाले घालस ताई? एक्स्टेन्शन रिंगा, म्हणजे बिनकाचेच्या पोकळ कड्या घ्या, तुमच्याच 18-55 आणि कॅमेऱ्याच्या मध्ये लावा. फक्त माझ्यासारखं करू नका. मी आधी 400 रुपयांच्या घेतल्या, पितळी पिना नसलेल्या. कॅमेऱ्याला लेन्स लागलीय हेच कळेना, अ‍ॅपर्चर (लेन्समधलं प्रकाशाचं छिद्र) उघडं ते उघडंच. एक मोती धारदार, बाकी सगळी नथ धुक्यात. मग पिनांवाल्या घेतल्या, त्या अजून चालतात. 55 वर 12 मिमीची रिंग लावली तर सेन्सरवरच्या चित्रात वस्तूच्या साधारण 0.2 पट भर पडते. तीच 300 वर लावली तर 0.04, म्हणजे लावली काय, न लावली काय. पण रिंग लावली की झूम फिरवताच फोकस हलतो आणि वस्तू लेन्सला चिकटवावी लागते. सावली राहतेच.

भुसावळ_जंक्शन
जुनी घेताना जपा. मी ऑनलाइन एक झूम मागवली, फोटोत नवी कोरी. हातात आली तेव्हा आत कापसाचं बोंड फुटल्यासारखी बुरशी. विकणाऱ्याने फोन उचलणं बंद केलं. लेन्स दमट गावातून आली होती. आपल्याकडच्या उन्हात लेन्सला बुरशी धरतच नाही, म्हणून घ्यायची तर जळगाव-धुळ्यातलीच घ्या.

अमळनेरवाला
धरत नाही कशी? पावसाळ्यात चामड्याच्या पिशवीत घालून कपाटात ठेवा, धरते की नाही बघा. मे महिन्यातल्या 45 डिग्रीवर विसंबू नका. मोबाइलचा टॉर्च लेन्सच्या मागून मारा आणि पुढून तिरकं बघा, धागे दिसले तर हात जोडून घरी या.

ताई, माझा सल्ला: जुनी 55-250 आणि तिच्या पुढे कॅननची 500डी क्लोज-अप लेन्स. फिल्टरसारखी फिरवून बसते, 58 मिमीची घ्या. मोठी लेन्स अनंतावर (सर्वांत लांबच्या फोकसवर) ठेवली तर नथ पुढच्या काचेपासून बरोबर 50 सेंटिमीटरवर फोकस होते आणि 250 वर 1:2 मिळतं. अर्धा मीटर लांब, त्यामुळे सावलीचा प्रश्न मिटला. झूमही चालू राहतो. एकच अडचण, 500डी नावाचा कॅमेराही आहे आणि दुकानदार तोच काढून दाखवतो.

रावेर_केळी
आम्ही केळीच्या वेफर्सच्या पाकिटांचे फोटो मोबाइलवरच काढतो. उत्तरेकडची खिडकी, तिला ट्रेसिंग पेपर, समोरून थर्माकोलचा तुकडा. लेन्सबिन्स काही नाही. मागच्या दिवाळीला पाकिटं पुरली नाहीत.

तापीकाठ
वेफर्स पुण्याला पाठवता का? काळी मिरीचे आहेत का?

रावेर_केळी
आहेत. मेसेज करा.

गणित_मास्तर
सगळे लेन्स सांगताहेत, नथ कोणी मोजली का? 1500डी चा सेन्सर 22.3 मिमी रुंद. 18-55 पूर्ण 55 वर, सर्वांत जवळून, साधारण तृतीयांश आकार देते. म्हणजे फ्रेममध्ये साडेसहा सेंटिमीटर रुंदी मावते. नथ साडेतीन सेंटिमीटर धरली तर निम्मी फ्रेम भरली. 24 मेगापिक्सेलचा फोटो 6000 पिक्सेल रुंद, नथीच्या वाट्याला 3000 च्या वर. व्हॉट्सअ‍ॅपला याहून जास्त काय करायचंय? मला वाटतं फोकस बसत नाही, कारण तुम्ही 25 सेंटिमीटरच्या आत घुसताय. हे अंतर लेन्सच्या तोंडापासून नव्हे, सेन्सरपासून मोजतात. मोबाइलवर नथ वाकडी दिसते तीही फार जवळ गेल्यामुळेच. ट्रायपॉड लावा, लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे मागच्या पडद्यावर, 10 पट मोठं करून हाताने फोकस करा, अ‍ॅपर्चर बारीक म्हणजे एफ/11 ठेवा, 2 सेकंदांचा टायमर लावा. आधी हे करून बघा, खर्च शून्य.

धुळेकर
मास्तर बरोबर आहेत, पण 100 मॅक्रोची सर नाही.

चोपडा_फाटा
ट्रायपॉड फुकट मिळतो का मास्तर?

भुसावळ_जंक्शन
टॉर्च मारून बघायला विसरू नका.

अमळनेरवाला
ते मीच लिहिलंय वर.

जळगावची_नथ
सगळ्यांचे आभार. मास्तरांचं करून बघितलं, फोटो खरंच सुधारले. पण लेन्स नथीच्या इतकी जवळ जाते की सोन्याच्या तारेत काळं गोल तोंड उमटतं, ते काही जाईना. 500डी विचारली तर दुकानदाराने खरंच कॅमेराच काढला.

शेवटी पाचोऱ्याच्या एका निवृत्त लग्नवाल्या फोटोग्राफरकडून तीच टॅमरॉन 70-300 घेतली, 5,500 ला. रडाल म्हणाला होतात, माहीत आहे. टॉर्च मारून बघितला, काच स्वच्छ. हातात धरतच नाही, त्यांनी जुना ट्रायपॉडही वर दिला. 95 सेंटिमीटरवरून 300 वर फ्रेममध्ये साडेचार सेंटिमीटर मावतं, नथ बरोब्बर बसते. काळं तोंड नाही, सावली नाही. चिंचपेटीला 18-55 लावते. रावेरवाल्यांचा ट्रेसिंग पेपर खिडकीला चिकटवलाय, घरचे विचारतात काच फुटली का.

एकच झालं. पहिला फोटो मोठा करून बघितला तर मोत्यांची भोकं तिरपी आणि तारेचा पीळ एका ठिकाणी सुटलेला. जाऊबाईंनी तयार 40 नथी उसवायला घेतल्यात. लेन्स परत देऊन टाक म्हणतात.

धुळेकर
100 मॅक्रोत याहून स्पष्ट दिसलं असतं.