क्षयात व्हिटॅमिन डी : उपचार की मनाचं समाधान?

तर्कट
क्षयासारखा चिवट संसर्ग निघाला की डीची तपासणी, आकडा खाली आला की गोळ्या, आणि वर निष्कर्ष तयार : "डी कमी होतं, म्हणूनच झालं." मला हे उलटं वाटतं. शरीरात दाह चालू असला की रक्तातलं डी खाली येऊ शकतं. मग कारण कोण आणि परिणाम कोण? मंगोलियातली चाचणी बघा, निकाल २०२० मध्ये आला. ८,८५१ शाळकरी मुलं, निम्म्यांना तीन वर्षं दर आठवड्याला १४,००० युनिट डी. सुरुवातीला बहुतेकांची पातळी मिलिलिटरमागे २० नॅनोग्रॅमच्या खाली होती, म्हणजे 'कमतरताच नव्हती' ही पळवाटही बंद. पातळी मस्त वाढली, क्षयाचा संसर्ग मात्र दोन्ही गटांत जवळपास सारखाच.

कवडसा
ती चाचणी संसर्ग टाळण्याची होती, घरात घुसलेल्या जंतूशी लढण्याची नव्हे. आत काय घडतं ते बघा ना. भक्षक पेशीला (जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशीला) क्षयाचा जंतू जाणवला की ती स्वतःच एक विकर (एन्झाइम) बनवते आणि रक्तातल्या निष्क्रिय डीचं सक्रिय डी करते. ते पेशीकेंद्रात जाऊन कॅथेलिसिडिनचं जनुक चालू करतं, आणि हे प्रथिन जंतूला मारायला मदत करतं. २००६ मध्ये हे मानवी पेशींत दाखवलं गेलंय. कमी डीच्या रक्तद्रवात पेशी ढिम्म, डी घातलं की कामाला लागतात. कच्चा मालच नसेल तर पेशी करणार काय? आणि त्वचेच्या क्षयावर प्रकाशोपचार करणाऱ्या फिन्सेनला १९०३ चं नोबेल उगाच नाही मिळालं.

तर्कट
फिन्सेन तुमच्यावरच उलटतोय! त्याच्या भिंगांतून डी बनवणारे आखूड लहरींचे अतिनील किरण पारच होत नव्हते, असं नंतरच्या तपासणीत दिसलं. रोगी बरे झाले, पण ते डीमुळे म्हणता येत नाही. आणि काचेच्या बशीतली पेशी म्हणजे रोगी नव्हे. लंडनच्या २०११ च्या चाचणीत १४६ रुग्णांना नेहमीच्या औषधांसोबत लाख-लाख युनिटचे चार डोस दिले. थुंकी निगेटिव्ह व्हायच्या वेळेत एकूण गटात ठोस फरक नाही.

कवडसा
एकूण गटात नाही, बरोबर. पण डीच्या ग्राहीचा (पेशीत डी ज्याला चिकटतं त्या रिसेप्टरचा) एक विशिष्ट जनुकप्रकार असलेल्यांची थुंकी लवकर निगेटिव्ह झाली. ते सोयीस्करपणे गाळलंत.

तर्कट
गाळलं, कारण तो उपगट मूठभर लोकांचा होता. त्याच्यावर सगळ्यांना गोळ्या?

आडवाट
तुम्ही दोघंही भोळे. मी वाचलंय की डी प्रतिकारशक्ती दाबतं आणि पेशीत लपलेल्या जंतूंचं फावतं. दीर्घ संसर्गात डी पूर्ण बंद करावं आणि उन्हातही जाऊ नये.

निमवैद्य
आडवाट, डी दाहाला लगाम घालतं एवढं खरं, आणि क्षयात फुप्फुसाचं बरंच नुकसान दाहानेच होतं. म्हणजे लगाम हा तोटाच असं नाही. 'पूर्ण बंद'वाल्या उपचाराला नीट चाचणीचा आधार नाही, कोणी ऊन टाळत बसू नका.
पण कवडसा, तुमच्याच यंत्रणेतली एक गोष्ट राहिली. मूत्रपिंडात सक्रिय डी बनतं त्याला शरीराचा चाप असतो, भक्षक पेशीत तसा चाप नाही. क्षयाच्या किंवा सार्कॉइडच्या (शरीरात दाहाच्या गाठी होणाऱ्या आजाराच्या) गाठींत त्या पेशी भरमसाट सक्रिय डी बनवतात आणि काही रुग्णांत रक्तातलं कॅल्शियम चढतं. अशा माणसाला कॅल्शियम न बघता लाख युनिट पाजणं धोक्याचं आहे.

कवडसा
कॅल्शियम तपासून द्या, हे मान्यच. पण रिफॅम्पिसिन या क्षयाच्या औषधाने रक्तातलं डी आणखी उतरू शकतं, मग क्षयाच्या रुग्णाची खरी कमतरता भरायला हरकत काय?

तर्कट
हाडांसाठी भरा की! क्षयावरचं औषध म्हणून देऊ नका, भांडण तेवढंच आहे.