ड्रॅगन बॉल झी : तुम्ही मधूनच कुठून सुरू केलंत? (अनुभव धागा)

भाचा परवा विचारत होता, "मामा, हे पहिल्यापासून बघायचं तर कुठून सुरू करू?" आणि मला सांगता येईना. कारण ही जपानी कार्टून मालिका मी स्वतः पहिल्यापासून कधी बघितलेलीच नाही.

२००३-०४ची गोष्ट असेल. शाळेतून आलो, दप्तर टाकलं, कार्टून नेटवर्क लावलं. हिरव्या आभाळाखाली दोघं समोरासमोर उभे. एकाचे केस पिवळे आणि ताठ, दुसरा पांढरा-जांभळा, शेपटीवाला. दोघं एकमेकांकडे बघून गुरगुरतायत. मधे एक डोंगर फुटला आणि भाग संपला. शष्प कळलं नाही, पण दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला मी टीव्हीसमोर हजर. तो पिवळ्या केसांचा म्हणजे नायक गोकू. शेपटीवाला, म्हणजे खलनायक फ्रीझा, म्हणाला होता की हा ग्रह पाच मिनिटांत फुटणार. ती पाच मिनिटं आमच्याकडे दोन आठवडे पुरली.

यामागचं गणित फार नंतर कळलं. आकिरा तोरियामा यांची चित्रकथा 'शोनेन जंप' साप्ताहिकात दर आठवड्याला यायची, एका वेळी साधारण पंधरा पानं. तोएई कंपनी त्यावरून दर आठवड्याला वीसेक मिनिटांचा भाग काढायची. ३२५ प्रकरणं, २९१ भाग. मालिका चित्रकथेच्या पुढे जाऊन चालणार नाही, मग डोळे वटारणार नाहीत तर काय करणार बिचारे?

जपानात हे २६ एप्रिल १९८९ला सुरू झालं आणि जानेवारी १९९६मध्ये संपलंसुद्धा. आपण सगळे पंगत उठल्यावर आलेले. तर लिहा: पहिल्यांदा काय दिसलं, काय कळलं, काय चुकीचं कळलं. स्पॉयलर चालतील, पंचवीस-तीस वर्षं झाली आता. "कोण जास्त ताकदवान" हे भांडण मात्र इथे नको.

लोडशेडिंगग्रस्त

आमचं तालुक्याचं गाव. संध्याकाळी लाईट जायची ती नेमकी मारामारीच्या वेळेला. वर्गात एकाच्या घरी इन्व्हर्टर होता. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तो सगळा भाग सांगायचा, आम्ही डबे उघडून बसायचो. हळूहळू कळलं की गडी पदरचं बरंच घालतो. जिवलग मित्र क्रिलिन मेल्यावर गोकूचे केस पिवळे होतात तो प्रसंग त्यानं असा सांगितला होता की गोकू आधी तीनदा क्रिलिनला हाक मारतो, मग पृथ्वीवर त्याच्या बायकोच्या हातातली कढई पडते. इंजिनिअरिंगला गेल्यावर खरा भाग बघितला. कढई नव्हती. खरं सांगतो, जरा हिरमुसलो.

तोच मित्र म्हणायचा, "गोकू म्हणजे आपला मारुती रे. शेपूट आहे, उडतो, लहानपणापासून अंगात ताकद." आम्ही त्याला वेड्यात काढायचो. पण सोन गोकू हे नावच मुळी सुन वुकाँगचा जपानी उच्चार आहे. हा चिनी पुराणकथेतला वानर, ढगावर बसून हिंडणारा, हातात लांबणारी काठी. तोरियामांनी सुरुवात तिथूनच केली. त्या वानराचं मारुतीशी नातं आहे की नाही यावर अभ्यासक अजून वाद घालतात. मित्र सध्या विमा विकतो. गोष्टी अजूनही छानच सांगतो.

वरणफळं

मी पन्नाशीतली बाई, या धाग्यावर काय करतेय असं वाटेल. २०२०च्या टाळेबंदीत मुलगा (तेव्हा चौदा वर्षांचा) दिवसभर हे लावून बसायचा. मी शेंगा सोलत शेजारी. पहिल्यांदा लक्ष गेलं ते गोकूच्या बायकोकडे, चीचीकडे. आख्ख्या मालिकेत एकच बाई म्हणतेय की पोराला अभ्यास करू द्या, आणि सगळे तिलाच हसतात! अहो, चार वर्षांचा तिचा गोहान. त्याला तो हिरवा पिकोलो उचलून नेतो आणि सहा महिने एकटा रानात सोडतो, लढायला शिक म्हणून. मी मुलाला म्हटलं, बंद कर हे.

बंद नाही केलं त्यानं. मग नाप्पा हा खलनायक येतो तो भाग आला. त्याचा वार गोहानवर येतो आणि हाच पिकोलो मध्ये उभा राहतो, हात पसरून. मरतो. शेंगा तशाच राहिल्या. मुलगा म्हणाला, "आई, रडतेस काय, परत येतो तो." येतो म्हणे. यांच्यात मेलेले परत येतात, सात गोळे जमवले की झालं. पण पहिल्यांदा बघताना ते कुणाला ठाऊक असतं?

गोहान पुढे शिकून विद्वान होतो, एवढं मात्र चीचीच्या बाजूनं नोंदवून ठेवते.

शेवटचं_पान

वरणफळं, तुमचा प्रतिसाद बायकोला वाचून दाखवला. ती म्हणाली, बरोबर आहे.

माझा अनुभव वहीच्या मागच्या पानाचा. चौथीत असताना वर्गात सगळे गोकू काढायचे. काळे केस काढले की पेन्सिल घासून घासून बोट काळं व्हायचं आणि टोक संपायचं. म्हणून मी सुपर सायनच, म्हणजे पिवळ्या केसांचा गोकूच, काढायचो. केस पांढरे सोडून दिले की काम झालं. याला मी माझा आळस समजायचो. पुढे तोरियामांची एक मुलाखत वाचनात आली. चित्रकथा काळी-पांढरी. प्रत्येक चौकटीत गोकूचे काळे केस शाईनं भरण्यात त्यांच्या सहायकाचा वेळ जायचा. सुपर सायनचे केस पांढरे सोडण्यामागे तो वेळ वाचवणं हेही कारण होतं, हे त्यांनी स्वतःच सांगितलंय. आख्खं जग ज्या केसांवर फिदा, ते शाई वाचवायला! त्या दिवसापासून माझ्या वह्यांकडे मी आदरानं बघतो.

आकडा_अठरा

आमच्याकडे रिमोट दादाकडे. मी बघायचे ते तो बघतो म्हणून, तोंड वेंगाडून. एक दिवस एक मुलगी दिसली, सोनेरी केस, जीनचं जाकीट, चेहऱ्यावर रेघ नाही. समोर तो गर्विष्ठ व्हेजिटा बडबडतोय. तिनं त्याचा हात मोडला. इतकंच. दादा ओरडला, मी टाळ्या वाजवल्या, मार खाल्ला.

तिचं नाव नाही, नंबर आहे, अठरा. तिच्यासाठी पुढचं सगळं बघितलं, आणि पुढे तिला काय काम दिलं? क्रिलिनशी लग्न. बुल्माचं तेच. गोळे शोधायचं रडार जिनं बनवलं ती बाई झीमध्ये बहुतेक वेळ लांबून "काय झालं? काय झालं?" करत असते. मालिका मला आवडते. तक्रारही आहे, ती राहणार.

कानजी_कच्चा

पुण्यात जपानीच्या वर्गाला जात होतो. भाज्यांचा धडा आला. भाजी म्हणजे 'यासाई'. मागच्या बाकावरून एकजण ओरडला, "सायन!" म्हणजे गोकू-व्हेजिटाची जमात. सेन्सेईंना कळेना काय झालं. अक्षरं फिरवली की यासाईचं साईया होतं. मग एकेक उलगडत गेलं: काकारोट (गोकूचं मूळ नाव) म्हणजे गाजर, राडिट्झ म्हणजे मुळा, नाप्पा म्हणजे कोबीचाच भाऊबंद, व्हेजिटा तर उघडच आहे. विश्वातली सगळ्यात खुनशी जमात म्हणजे मंडईतला एक गाळा. गिन्यूची टोळी दूधदुभत्याची, त्यात लोणी आहे, चीज आहे. आणि गोहान म्हणजे भात. माझ्यासाठी ड्रॅगन बॉलचा खरा पहिला दिवस तो. त्याआधी इंग्रजीतून बघितलं होतं तेव्हा ही माणसं फार गंभीर वाटायची.

दुसरा धक्का आवाजाचा. इंग्रजीत गोकूचा आवाज भरदार पुरुषाचा. जपानीत १९८६पासून मासाको नोझावा, १९३६ साली जन्मलेल्या बाई. गोकूही त्याच, गोहानही त्याच, धाकटा गोतेनही त्याच. बापलेकांचं संभाषण म्हणजे बाई एकट्याच बोलतायत. पहिले दोन भाग हसू आलं. तिसऱ्यापासून दुसरा कुठलाच आवाज चालेना.

रूम_नं_११२

हॉस्टेलच्या लॅनवर कुणीतरी ठेवलं होतं. फायलींना नावंच धड नाहीत. मी सेल या खलनायकाबरोबरची लढाई आधी बघितली, गोकू मेला, मग मागे जाऊन सेल येतो कुठून ते बघितलं. व्हेजिटा बू या राक्षसासमोर स्वतःला संपवायच्या आधी पोराला जवळ घेतो. हा माणूस आधी किती हलकट होता हे मला दोन सेमिस्टरनंतर कळलं. उलटं बघायलाही मजा येते.

प्रोजेक्टवरचा_पाहुणा

हे झी नाही, पुढची 'सुपर' मालिका आहे, पण धाग्यात बसेल. मार्च २०१८ला कंपनीच्या कामानं मेक्सिकोत होतो. शनिवारी संध्याकाळी चौकात ही गर्दी! मला वाटलं मोर्चा किंवा फुटबॉल. बघतो तर मोठा पडदा, आणि त्यावर गोकूची शेवटची लढाई. तिकडच्या बऱ्याच शहरांत असं सार्वजनिक प्रक्षेपण झालं. परवानगीशिवाय दाखवू नका असं तोएईनं आधी कळवलंही होतं, ऐकतं कोण. माझ्या शेजारी एक आजोबा, खांद्यावर नातू. त्यांना विचारलं हे काय आहे. त्यांनी माझ्याकडे अशा कीवेनं बघितलं की पंढरपुरात उभं राहून कुणी विठोबा कोण विचारावं. चाळिशीत मी हे बघायला सुरुवात केली ती त्या नजरेमुळे.

आइची_प्रांतातून

मी नागोयाजवळ गाड्यांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात आहे. तोरियामा नागोयाचेच. टोकियोला न जाता आयुष्यभर इकडेच राहून काम केलं त्यांनी. ८ मार्च २०२४ला, महाशिवरात्रीचा उपास होता म्हणून लक्षात आहे, जेवणाच्या सुट्टीत मी केळं सोलत होतो. समोरच्या लाइनचा साठीचा फोरमन, कधी कामाशिवाय न बोलणारा, फोन पुढे करून बसला. ते १ मार्चलाच गेले होते, ६८व्या वर्षी. बातमी त्या दिवशी आली. मी म्हटलं, आमच्याकडेही हे लागायचं. त्याला खरं वाटेना. भारतात? मग त्यानं विचारलं, तू कुठून बघायला लागलास? मी म्हटलं, फ्रीझापासून. तो म्हणाला, त्याच्या मुलाचंही फ्रीझापासूनच, आधीचं त्याला आठवतच नाही.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार, सावकाश उत्तरं देतो. भाच्याची चौकशी दोघातिघांनी केली म्हणून सांगतो. मी त्याला यादी करून दिली होती, कुठून कसं बघायचं. त्यानं ती न वाचता यादीतला मधलाच एक भाग लावला. तो निघाला १२५वा, भरतीचा. चित्रकथेत नाही, वेळ काढायला घातलेला. गोकू आणि पिकोलो ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकायला जातात. भाचा अर्धा तास बघत बसला आणि मग मला विचारतो, "मामा, हे उडू शकतात ना? मग लायसन कशाला?"

मी चीचीनं सांगितलं म्हणून, असं उत्तर दिलं. आता तो चीची कोण ते शोधतोय.