नवं शहर पायाखाली घालताना : ठाणे-नवी मुंबईकरांचे परदेशातले अनुभव

घोडबंदर रोड, ठाणे

माझी भाची ऑक्टोबरमध्ये शिकायला म्युनिकला चाललीये. घरात सध्या नुसत्या याद्या, कुकर न्यायचा का, मसाले किती, जॅकेट इथून घ्यायचं की तिथून. तिला म्हटलं बाकी सगळं होईल गं, पण पहिले दोन महिने रविवारचं काय करायचं ते आधी ठरव. अनुभवाने सांगतेय, मी तिथे ३ वर्षं काढली आणि त्यातले पहिले ६ आठवडे इतके वाईट गेले की बस. ऑफिस, खोली, सुपरमार्केट, परत खोली. रविवारी जर्मनीत दुकानं बंद असतात, रस्ता इतका सामसूम की गोखले रोडच्या गर्दीत वाढलेल्या माणसाला स्वतःच्या पावलांचा आवाज ऐकू यायला लागतो. आईशी व्हिडिओ कॉलवर बोलताना रडू आलं की मी कॅमेरा बंद करायचे आणि नेटवर्क नाहीये म्हणून सांगायचे.

मग खालच्या मजल्यावरच्या एका मल्याळी मुलीने बायर्न तिकिटाबद्दल सांगितलं. एका तिकिटावर ५ जणांपर्यंत अख्ख्या बव्हेरियात, म्हणजे म्युनिक ज्या राज्यात आहे तिथे, फिरता येतं, दुसऱ्या दिवशी पहाटे ३ पर्यंत, फक्त रिजनल गाड्यांनी जायचं, आयसीईसारख्या फास्ट गाड्यांना चालत नाही, आणि सोमवार ते शुक्रवार सकाळी ९ नंतरच. आम्ही चौघी फ्युसेनला गेलो, साधारण २ तास लागतात, तिथून नॉयश्वानस्टाइनचा राजवाडा. तिकिटं आधी काढली नव्हती म्हणून आत जायला मिळालं नाही, खूप वाईट वाटलं, पण मारियेनब्रुक नावाचा पूल आहे त्यावरून राजवाडा समोर दिसतो आणि पायाखालच्या फळ्यांच्या फटीतून खोल दरी दिसते. मी नेलेल्या मेथीच्या पराठ्यांचे तुकडे करून चौघींनी तिथेच जवळ बसून खाल्ले.

पण माझ्या लक्षात राहिलं ते परत येणं. रात्री साडेनऊला म्युनिक स्टेशनवर उतरलो, बाकीच्या तिघी पाट्या शोधतायत आणि माझे पाय आपोआप यू-बानच्या, म्हणजे तिथल्या मेट्रोच्या, जिन्याकडे वळले, तोंडातून निघून गेलं "चला, आलं घर". ६ आठवड्यांत पहिल्यांदा.

तेव्हापासून माझं ठाम मत आहे की ज्या गावात राहायचंय तिथून बाहेर जाऊन परत आल्याशिवाय ते आपलं होत नाही. तुमचं काय? इथून गेलेल्यांनी, जाऊन परत आलेल्यांनी, मुलांकडे राहून आलेल्यांनी लिहा ना. कुठे गेलात, कसे गेलात, डब्यात काय होतं, सगळं. भाचीला वाचायला देणार आहे.

सीबीडी बेलापूर

मी रॉटरडॅमला होतो. एका रविवारी इरॅस्मस पुलाजवळून वॉटरबस पकडून किंडरडाइकला गेलो, तिथे १७४० च्या सुमाराच्या १९ पवनचक्क्या आहेत, १९९७ पासून जागतिक वारसा यादीत. मला वाटलं फोटो काढायचे आणि परत यायचं. एका चक्कीत आत जाता येतं, लाकडी दात्यांची चाकं, भिंतीतल्या कपाटासारखा पलंग, त्या चक्कीतच चक्कीवाल्याचं अख्खं कुटुंब राहायचं. तिथल्या माणसाने समजावून सांगितलं की आजूबाजूची जमीन खोल आहे, तिथलं पाणी चक्क्यांनी उचलून वरच्या तलावात साठवायचं आणि नदीची पातळी उतरली की नदीत सोडायचं. हे ऐकताना माझ्या अंगावर काटा आला, कारण आमच्या घराजवळचं होल्डिंग पाँड हेच तर करतं! भरती आली की खाडीकडच्या झडपा बंद होतात, पावसाचं पाणी तळ्यात थांबतं, ओहोटी लागली की बाहेर जातं. लहानपणापासून मी त्याच्या कडेने शाळेत गेलो आणि मला ते खारफुटीने भरलेलं एक तळं वाटायचं. तिथूनच बाबांना फोन लावला तर म्हणाले, "म्हणजे तू आपल्याच गल्लीत जाऊन आलास की रे." त्या दिवसापासून रॉटरडॅम मला परकं वाटलं नाही. जाणाऱ्यांनी बोटीचं वेळापत्रक मात्र बघून जा, थंडीत फेऱ्या कमी असतात.

नौपाडा, ठाणे

मी ६८ वर्षांची आहे, मुलीकडे जर्सी सिटीला ५ महिने राहून आले. मुलगी-जावई कामावर, नात पाळणाघरात, मी चौदाव्या मजल्यावर खिडकीत. पहिले १५ दिवस खालचे रस्ते बघत बसले, मग जावयांनीच कार्ड करून दिलं आणि एका शनिवारी सगळा रस्ता सोबत येऊन दाखवला. जर्नल स्क्वेअरला न्यूयॉर्कला जाणारी पाथ ट्रेन पकडायची, वर्ल्ड ट्रेड सेंटरला उतरायचं, तिथून चालत बॅटरी पार्ककडे, शेवटाला स्टेटन आयलंड फेरीचा धक्का. ही मोठी केशरी बोट १९९७ पासून फुकट आहे, पाऊण तास नाही की तास नाही, २५ मिनिटं. जाताना उजव्या हाताला उभं राहिलं की लिबर्टीचा पुतळा दिसतो. पलीकडे पोचल्यावर सगळ्यांना उतरावंच लागतं, हॉलमधून वळसा घालून परत चढायचं, हे माहीत नसलं की गोंधळायला होतं म्हणून सांगतेय.

सोमवारी एकटी गेले. हातात रस्त्याचा कागद, मराठीत लिहिलेला, छातीत धडधड. बोट सुटली आणि पाण्याचा तो वास, इंजिनाची ती थरथर, मला लग्नानंतर भाऊच्या धक्क्यावरून रेवसला गेलेली लाँच आठवली. आमचे हे तेव्हा बरोबर होते. मी रडले थोडी पण बरं वाटलं. मग आठवड्यातून दोनदा जायला लागले, क्रोशाची पिशवी घेऊन. एकदा शेजारी बसलेल्या बाईने माझा टाका हाताने थांबवून बघितला, तिची भाषा स्पॅनिश असावी, मी सुई तिच्या हातात दिली आणि धक्का येईपर्यंत दोघी विणत होतो. ती पुढे दोनदा भेटली. निघताना मला त्या घरापेक्षा त्या बोटीला सोडून येणं जड गेलं.

ऐरोली

तोक्यो, निशिकासाई, तिकडे आपले भारतीय भरपूर आहेत त्यामुळे इडली-डोश्याची अडचण नाही. पण फक्त तिथेच राहिलं तर जपान कळत नाही असं मला वाटतं. शिंजुकूहून केइओ लाइनने तासाभराच्या आत ताकाओ डोंगर, ५९९ मीटर, आपल्या येऊरला जाणाऱ्याला अजिबात अवघड नाही. वाटेत समोरून येणारा प्रत्येक माणूस कोन्निचिवा म्हणतो, म्हातारेकोतारे पण. महिनाभर लिफ्टमध्ये कोणी नजर वर करत नव्हतं, तेच लोक डोंगरावर बोलतात! कचऱ्यासाठी एक रिकामी पिशवी बरोबर ठेवा, डबे क्वचित दिसतात, सगळा कचरा घरी आणायचा.

खारघर

माझं थोडं वेगळं मत आहे. आम्ही टोरांटोला फेब्रुवारीत पोचलो, मुलगा अडीच वर्षांचा, आणि सगळे म्हणाले बाहेर पडा म्हणून तिसऱ्याच शनिवारी नायगाराला गेलो. धबधबा अप्रतिम, कडेचे कठडे-झाडं सगळी बर्फाने गोठलेली, पण तुषार अंगावर येऊन गोठतात, मुलाचे मोजे ओले झाले, दुसरी जोडी घेतली नव्हती, परतीच्या गाडीत तो इतका रडला की मी त्याचे पाय माझ्या स्वेटरच्या आत पोटाला लावून बसले होते. दोन दिवस ताप. त्यानंतर मी ठरवलं की लहान मूल असेल तर आधी जवळचं. आम्ही घराजवळच्या पब्लिक लायब्ररीत रोज जायला लागलो, तीच खुर्ची, तीच बस. लायब्ररीच्या कार्डावर म्युझियमचे पासही मिळतात हे तिथेच कळलं. आणि थंडी सरल्यावर हाय पार्कमध्ये चेरीची झाडं फुलली तेव्हा लायब्ररीतल्याच दोन आयांबरोबर गेलो, मग आसपासच्या गावांना जाणाऱ्या गो ट्रेनचा वीकेंड पास, १० डॉलरमध्ये तिने दिवसभर कुठेही, १२ वर्षांपर्यंतची मुलं फुकट. फिरा जरूर, पण आधी ओळखीचा एक कोपरा होऊ दे.

कोपरी, ठाणे पूर्व

लंडनला असाल तर चॉक फार्म स्टेशनला उतरा आणि चालत १० किंग हेन्रीज रोडला जा. १९२१-२२ मध्ये बाबासाहेब या घरात राहत होते, महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये ते विकत घेतलं, आता तिथे स्मारक आहे. मी माझ्या पहिल्या रविवारी गेलो. मला कामावर धड कोणी ओळखत नव्हतं, खोलीत हीटर चालत नव्हता, घरमालक फोन उचलत नव्हता, परत जावं असं वाटत होतं. त्या जिन्याच्या कठड्यावर हात ठेवला आणि शंभर वर्षांपूर्वी हा माणूस इथे राहून, अर्धपोटी अभ्यास करून डी.एस्सी. झाला हे नुसतं आठवलं. बाहेर पडून प्रिमरोझ हिलवर गेलो, तिथून अख्खं लंडन दिसतं. वडील दर ६ डिसेंबरला कोपरीहून चैत्यभूमीला जातात. दुसऱ्या वर्षी त्यांना लंडनला आणलं तेव्हा ना बिग बेन ना राजवाडा, विमानतळावरून घरी सामान टाकलं आणि आधी इथे. त्यांनी चपला दाराबाहेर काढल्या.

वाशी

दुबई. डेरा ते बर दुबई, खाडीतून अब्रा म्हणजे लाकडी होडी, १ दिरहम. पगार व्हायच्या आधीच्या आठवड्यात संध्याकाळी तेवढंच परवडायचं आणि तेवढं पुरायचं.

नेरुळ

सगळं वाचतोय. मी जानेवारीत स्टुटगार्टला चाललोय, एकटाच. तुमच्याबरोबर कोणी ना कोणी होतं किंवा रस्ता दाखवणारं होतं. एकट्याने रविवारी उठून निघायचं म्हणजे नेमकं कुठून सुरुवात करू?

नौपाडा, ठाणे

बाळा, पहिल्या रविवारी काहीच बघायला जाऊ नकोस. तुझ्या घराजवळून जी गाडी जाते तिच्या शेवटच्या स्टेशनपर्यंत जा, परतीची गाडी किती वाजता आहे ते उतरल्याबरोबर बघून घे आणि मग अर्धा तास चाल. डब्यात दोन पोळ्या आणि चटणी ठेव, तिथे रविवारी दुकानं बंद असतात असं वर लिहिलंय. परत आलास की इथे सांग कुठलं स्टेशन होतं, मी वाट बघते.