मत टाकून झालं, आणि मग उमेदवारच पळाला तर?

वेंधळा: मतदानाच्या दिवसाआधी मतं गोळा करण्याची पद्धत मला पटत नाही. २०२० साली अमेरिकेत डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी ठरत होती. ३ मार्चला कॅलिफोर्नियासह बऱ्याच राज्यांत मतदान. बुटिजेज १ तारखेला आणि क्लोबुशार २ तारखेला शर्यतीतून बाहेर! ज्यांनी त्यांना आधीच मत धाडलं होतं, त्यांचं गेलं पाण्यात.

रांगेतला: गेलं, मान्य. पण तिकडे १८४५ च्या कायद्यापासून अध्यक्षपदाचं मतदान मंगळवारी, आणि देशभर सुट्टीही नाही. पाळीवरच्या नर्सने, ट्रकवाल्याने जायचं कधी?

वेंधळा: मग सुट्टी द्या की! आठवडेच्या आठवडे कशाला? २०१७ मध्ये तिकडच्याच मोंटाना राज्यातल्या पोटनिवडणुकीत आदल्या संध्याकाळी जियानफोर्ट या उमेदवाराने एका पत्रकाराला जमिनीवर आपटलं. तोवर निम्म्याहून जास्त मतं टपालाने येऊन पडली होती. आता बसा हात चोळत.

जुनीपेटी: हात चोळत बसायची वेळ येते, कारण मत बदलता येत नाही. स्वीडनमध्ये येतं. तिथे १८ दिवस आधी मतदान सुरू होतं. ही मतं पाकिटात घालून मतदाराच्या स्वतःच्या केंद्रावर पोचवतात. मन बदललं तर शेवटच्या दिवशी तिथे जाऊन नव्याने मत द्यायचं, जुनं पाकीट बाद. एस्टोनियात तर २००५ पासून इंटरनेटवर मत देता येतं. हवं तितक्यांदा द्या, शेवटचं धरतात.

संशयात्मा: पाकीट बाद करता येतं म्हणजे ते कुणाचं हे कळतं. मग गुप्त मतदान कसलं?

जुनीपेटी: अहो, पाकिटात पाकीट असतं. बाहेरच्यावर ओळख, आतलं कोरं. यादीत नावापुढे खूण झाली, आतलं पाकीट पेटीत पडलं, की मग ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. यादीवरच्या खुणेमुळे दोनदा मत देणाराही सापडतो.

संशयात्मा: आणि घरी बसून मतपत्रिका भरताना सासरा मागे उभा असेल तर? ते कुठल्या यादीत दिसतं?

रांगेतला: हा मुद्दा खरा आहे, पण तो टपालाचा. केंद्रावर जाऊन आधी मत दिलं तर आडोसा तोच, कर्मचारी तसेच. दोन्ही एका माळेत ओवू नका.

वेंधळा: बदलायची सोय असेल तर माझा विरोध निम्मा झाला म्हणा. जाणार मात्र मी शेवटच्याच दिवशी.