आडतीच्या दुकानाला ॲप कशाला? वेबच पुरे

वेबवाला_लातूर
मोंढ्यातल्या (धान्यबाजारातल्या) एका आडतीच्या दुकानाचं काम आलंय. कट्ट्यांची वजनं टाकायची, सौदा निघाला की भाव टाकायचा, हमाली-तोलाई वजा करून शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे हिशोबाची पावती, काढायची. बस्स. सोयाबीनच्या दिवसांत नुसती झुंबड, एरवी माशा मारायच्या.

मालकांचा हट्ट असा की प्ले स्टोअरवर दुकानाचं नाव दिसलं पाहिजे. का, तर शेजारच्याचं दिसतं. माझं मत उलट आहे. ब्राउझरमध्ये चालणारं, होम स्क्रीनवर आयकॉन बसणारं वेब ॲप करावं.

दुकानात चार फोन. मुनीमजींचा ३ जीबी रॅमचा जुना अँड्रॉइड, पोरांचे दोन बरे अँड्रॉइड आणि मालकांनी दिवाळीत घेतलेला आयफोन. स्टोअरचं ॲप केलं तर त्या एका आयफोनपायी मला मॅक घ्यावा लागणार, वर ॲपलला दरवर्षी ९९ डॉलर. गूगलचं एकदाच २५ डॉलर, पण नव्या वैयक्तिक खात्याला आधी १२ जणांकडून सलग १४ दिवस चाचणी करून दाखवावी लागते. मोंढ्यात १२ माणसं गोळा करणं सोपंय, १४ दिवस धरून ठेवून दाखवा. वेबला यातलं काही नाही. चूक सापडली, दुरुस्त केली, सर्व्हरवर टाकली, पुढची पट्टी बरोबर. पत्र्याच्या गोदामात रेंज जाते, त्याला ब्राउझरमधले सर्व्हिस वर्कर (रेंज नसतानाही पान उघडतो) आणि इंडेक्स्डडीबी (माहिती फोनवरच साठवते) आहेच.

हाणा आता.

कोटलीनकर
पट्टी शेतकऱ्याच्या हातात देणार का हवेत? दुकानात तो तळहाताएवढा ५८ मिमीचा थर्मल प्रिंटर असेलच. स्वस्तातले बरेचसे क्लासिक, म्हणजे जुन्या पद्धतीच्या, ब्लूटूथवर चालतात. तुमचं वेब ब्लूटूथ, म्हणजे ब्राउझरमधून ब्लूटूथ जोडायची सोय, फक्त बीएलईशी (कमी वीज खाणाऱ्या नव्या ब्लूटूथशी) बोलतं, आणि आयफोनच्या सफारी ब्राउझरमध्ये तेही नाही. सर्व्हिस वर्करचं कौतुक नंतर करू, आधी पट्टी छापून दाखवा.

कोटलीन ही अँड्रॉइड ॲप लिहायची भाषा. तिच्यात सॉकेट (प्रिंटरशी थेट जोडणी) उघडायचं, बाइट ढकलायच्या, कागद बाहेर. २०१९ पासून गूगल स्वतःच अँड्रॉइडसाठी कोटलीन आधी म्हणतंय. मालकाच्या आयफोनवर रोजचा हिशोब व्हॉट्सॲपनं पाठवा. त्यांना तेवढंच बघायचं असतं.

सिडको_एन७
दोघंही टोकाला चाललात. ॲप बनवायचं साधन फ्लटर आहे की! पहिली स्थिर आवृत्ती २०१८ ची, म्हणजे आता काही कोवळं पोर नाही. एकदा लिहा, दोन्हीकडे चालवा. पडदा ते स्वतः रंगवतं, त्यामुळं जुन्या फोनवरही बटणं तशीच दिसतात. प्रिंटरची पॅकेजं तयार मिळतात.

आणि वेबवाले, एक गोष्ट तुम्ही सांगितलीच नाही. सफारी वापरात आहे पण तुमची साइट सात दिवस कोणी उघडली नाही, तर सफारी तिचा साठवलेला डेटा पुसून टाकते. २०२० पासूनचा नियम आहे. मालकाच्या फोनवरची पट्ट्यांची वही एक दिवस कोरी निघेल.

वेबवाला_लातूर
होम स्क्रीनवर घेतलेल्या वेब ॲपला तो नियम तसा लागत नाही. आणि मालकांच्या फोनवर वही नाहीच, सगळं सर्व्हरवर. त्यांचा फोन म्हणजे नुसती खिडकी.

प्रिंटरचा मुद्दा मात्र लागला. तो आधी बघायला पाहिजे होता.

जुनं_खोड
मी पंधरा वर्षं हेच करायलोय, त्यामुळं जरा लांबण लावतो. फोनगॅप, झामरिन, रिॲक्ट नेटिव्ह, ही सगळी फ्लटरसारखीच 'एकदा लिहा, दोन्हीकडे चालवा'वाली साधनं. फोनगॅपवर तीन ॲप लिहिली. २०२० मध्ये अडोबीनं त्यातून अंग काढलं. मग झामरिन शिकलो, एक ॲप उभं केलं, पोरांना शिकवलं. मे २०२४ मध्ये त्याचा आधार संपला. एअरबीएनबीएवढ्या कंपनीनं रिॲक्ट नेटिव्ह घेतलं आणि २०१८ मध्ये सोडून दिलं. त्यांच्याकडं माणसं होती, पुन्हा लिहून काढलं. आमच्याकडं मी एकटा, अन् गिऱ्हाईक म्हणतं, "पैशे एकदाच दिलेत ना?"

कोटलीनवाल्यानं हुरळून जाऊ नये. गूगल दरवर्षी टार्गेट एपीआयची पातळी (ॲप अँड्रॉइडच्या कोणत्या आवृत्तीसाठी बनवलंय तो आकडा) वाढवतं. ऑगस्ट आला की प्ले स्टोअरवरचं प्रत्येक ॲप उघडा, पातळी चढवा, परवानग्या तपासा, पुन्हा स्टोअरवर टाका. मोंढ्यातला कोण तुम्हाला त्याचे दरवर्षी पैसे देणार? मी साधं पान लिहून २०१४ साली जालन्याच्या एका बियाण्याच्या दुकानाला दिलं होतं, अजून उघडतं. रंग फक्त भयाण आहे.

कोटलीनकर
प्ले स्टोअरवर टाकायचंच कशाला? चार फोन आहेत. एपीके, म्हणजे ॲपची फाइल, हातानं बसवा, ऑगस्टचं सगळं झंझट गेलं.

जुनं_खोड
मग मालकाला नाव दिसायचं त्याचं काय करता? हट्ट तर तोच होता.

नांदेडी
तुम्ही सगळे प्रिंटरपर्यंत आलात, अन् कागदावर काय उमटणार ते कोणी विचारलंच नाही. त्या प्रिंटरांत इंग्रजी अक्षरं भरलेली असतात, देवनागरी नसते. मराठी पट्टीचं चित्र करून, ३८४ ठिपके रुंद, ओळीओळीनं पाठवावं लागतं.

मी गेल्या साली हळदीच्या एका दुकानाला फ्लटरमध्ये हेच करून दिलं. पीडीएफ बनवायला एक पॅकेज घेतलं, पहिली पट्टी काढली आणि 'क्विंटल'ची वेलांटी भलतीकडंच. जोडाक्षर फुटलेलं, क वेगळा, व वेगळा. शेतकऱ्यानं कागद उलटा-सुलटा करून बघितला अन् विचारलं, "हे कन्नड आहे का?" मी मान खाली घातली. ब्राउझरच्या कॅनव्हासवर, म्हणजे चित्र काढायच्या चौकटीत, तीच ओळ काढली तर पहिल्या झटक्यात बरोबर आली, कारण जोडाक्षरं जोडायचं काम तिथं ब्राउझर करतो.

सिडकोवाले, "पॅकेजं तयार मिळतात" म्हणायच्या आधी त्यात 'क्विंटल' आणि 'शिल्लक' टाकून बघत जा.

सिडको_एन७
तो पीडीएफच्या पॅकेजाचा दोष, फ्लटरचा नाही. पडद्यावर फ्लटरमध्येही 'क्विंटल' बरोबर दिसतो. तोच पडद्याचा तुकडा चित्र म्हणून उचलायचा अन् प्रिंटरला द्यायचा.

नांदेडी
हो, शेवटी तेच केलं. फक्त ते कळायला चार दिवस गेले, अन् ते चार दिवस गिऱ्हाईक दारात बसून होतं.

मुनीमजींचा_नातू
मला यातलं कोडिंग कळत नाही. माझे आजोबा आडतीवर मुनीम. त्यांना कोणीतरी असंच ब्राउझरचं करून दिलं होतं. चाळीस कट्ट्यांची वजनं टाकली, वरचं नाव दिसंना म्हणून बोटानं पान खाली ओढलं. गोल फिरलं अन् सगळं साफ. हमाल थांबलेला, शेतकरी थांबलेला, आजोबांनी फोन गल्ल्यात टाकला आणि वही काढली. अजून वहीच चालू आहे.

आणि पट्टीला कार्बनची दुसरी प्रत लागते. एक शेतकऱ्याला, एक दुकानाला. हे तुमच्यात कोणी बोललंच नाही.

वेबवाला_लातूर
पान ओढल्यावर रिफ्रेश होतं ते सीएसएसच्या (पानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेच्या) एका ओळीत बंद होतं. प्रत्येक वजन टाकल्या टाकल्या साठवलं असतं तर गेलंही नसतं. करणाऱ्यानं आळस केला. पण आजोबांना ते सांगून काय उपयोग. दुसऱ्या प्रतीचं लिहून ठेवलंय, धन्यवाद.

आज दुकानात जाऊन आलो. प्रिंटर पालथा घातला, स्टिकर घासून गेलेलं. फोनशी जोडायला गेलो तर १२३४ पिन मागितला.

कोटलीनकर
पिन मागितला म्हणजे बहुधा क्लासिकच. बसा आता.

वेबवाला_लातूर
मालकांना म्हटलं, बीएलईचा नवा प्रिंटर घेऊ. ते म्हणाले, "हा चांगला चालतोय की." स्वतःचा आयफोन मात्र दोन वर्षांत बदलणार.

तर असं करतोय. पानं वेबचीच. मुनीमजींच्या आणि पोरांच्या फोनवर तीच पानं एका पातळ अँड्रॉइड कवचात (नावापुरत्या ॲपमध्ये) उघडणार. पट्टीचं चित्र कॅनव्हासवर, आणि तेवढं चित्र प्रिंटरला पोहोचवायचा तुकडा कोटलीनमध्ये, दोन प्रतींसकट. आयफोनवर नुसती खिडकी.

कोटलीनकर, तो ब्लूटूथ सॉकेटचा तुकडा पाठवा की.

कोटलीनकर
पाठवतो. अँड्रॉइड १२ पासून ब्लूटूथ जोडायची वेगळी परवानगी मागावी लागते, ती विसरू नका. आणि आधी या धाग्याचं नाव बदला.