मदत हवी आहे: सेवा करायची म्हणून नर्सिंगला आले, आता बेल वाजली की चीड येते

काठावरची

नमस्कार. बरेच दिवस नुसती वाचते आहे, लिहितेय पहिल्यांदाच. मोबाइलवरून टंकतेय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

मी नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मार्क बरे होते, दुसरीकडेही प्रवेश मिळाला असता. घरी नर्सिंग कुणालाच नको होतं. बाबा म्हणाले, "लोकांचं हगणं-मुतणं काढायला एवढं शिकवलं का तुला?" त्यावरून दोन महिने आमचं धड बोलणं नव्हतं. मुलाखतीत विचारलं, नर्सिंगच का? मी म्हटलं, मला माणसांची सेवा करायची आहे. ते पाठ केलेलं उत्तर नव्हतं. आजोबा शेवटचे काही महिने अंथरुणाला खिळून होते, त्यांचं सगळं मी करायचे आणि कधी जिवावर आलं नाही. आपला जन्म यासाठीच आहे असं तेव्हा वाटायचं. आता हे वाक्य लिहितानाही कानकोंडं होतंय.

गेल्या आठवड्यात मेडिकल वॉर्डला नाइट होती. सहा नंबरच्या कॉटवर एक आजी, ऐंशीच्या पुढच्या, न्यूमोनियासाठी ॲडमिट. रात्री अकरापासून बेल सुरू. गेलं की म्हणायच्या, "काही नाही गं, तू आहेस ना?" उशी सारखी केली, पाणी पाजलं, पांघरूण नीट केलं. पाच मिनिटांत पुन्हा बेल. अडीचपर्यंत चौदा वेळा. हो, मी मोजत होते.

पंधराव्यांदा वाजली तेव्हा मी औषधांच्या ट्रॉलीपाशी होते. स्टाफ सिस्टर एका नव्या पेशंटमध्ये अडकल्या होत्या. माझ्या हातात काहीच काम नव्हतं, तरी मी गेले नाही. दारावरचा लाल दिवा दिसत होता आणि मी सिरिंजची पाकिटं एकसारखी लावत राहिले. ती आधीच एकसारखी होती. दहा मिनिटं तरी गेली असतील. मनात एकच, ही बाई झोपत का नाही एकदाची.

गेले तेव्हा आजी कठड्यावरून एक पाय बाहेर टाकून बसल्या होत्या. पडल्या नाहीत. कुणाला कळलंही नाही. सकाळी हँडओव्हरला, म्हणजे पुढच्या शिफ्टला पेशंटची माहिती देताना, मी "रात्रभर अस्वस्थ होत्या" एवढंच सांगितलं.

तेव्हापासून कुठल्याही वॉर्डात बेल वाजली की पोटात गोळा येतो आणि पाठोपाठ चीड. ज्या कामासाठी घरच्यांशी भांडले, त्याचीच चीड. मला विचारायचंय की हे सगळ्यांना होतं का? की मी चुकीच्या ठिकाणी आलेय आणि वेळीच बाहेर पडावं? ऑपरेशन थिएटर, डायलिसिस अशा ठिकाणी गेलं तर फरक पडेल का? आणि घरी काय सांगू? बाबा "मी म्हटलं नव्हतं?" म्हणणार, ते ऐकायची तयारी नाही.

मिणमिणती

+१. दुसऱ्या वर्षाला आहे. मला वाटायचं मी एकटीच. वाचतेय.

जुनी सिस्टर

लहान आहेस म्हणून अगं-तुगं करते, राग मानू नकोस. सल्ला नंतर देते, आधी तीन गोष्टी सांग. ती कितवी नाइट होती? त्या दिवशी दुपारी झोपली होतीस का? आणि आजींना शेवटची लघवी कधी झाली होती?

काठावरची

पाचवी. सकाळी दहा ते एक लेक्चर होतं, ते बुडवून चालत नाही, म्हणून झोप झालीच नाही. लघवीचं माहीत नाही. चार्टवर तो रकाना रिकामा होता बहुतेक. तुम्ही हे का विचारताय ते आत्ता लक्षात येतंय आणि घाम फुटलाय.

तिसरा मजला

स्पष्ट लिहितो. माझी आई अशीच रात्री एकटी उठली, पडली आणि खुबा मोडला. पुन्हा चालली नाही. तिने किती वेळा बेल दाबली होती ते आम्हाला कधीच कळलं नाही. तुझ्याबद्दल राग नाही, पण "पडल्या नाहीत" हे वाक्य तू फार पटकन लिहून पुढे गेलीस.

काठावरची

खरंय. त्यावर मला काही म्हणता येणार नाही.

जुनी सिस्टर

बावीस वर्षं झाली मला. आता सविस्तर लिहिते.

आधी झोपेचं. १९९७ मध्ये एक प्रयोग झाला होता. सतत १७ तास जागं राहिलेल्या माणसाचं काम रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्या माणसाइतकं घसरतं असं त्यात दिसलं. तू रात्री अडीच वाजता किती तास जागी होतीस ते बोटांवर मोज. म्हणजे तुझी सुटका झाली असं नाही, आजी तर पडता पडता वाचल्या. पण चोवीस तास डोळा न लागलेल्या मुलीने "माझ्यात सेवाभाव आहे की नाही" याचा निकाल लावायला बसू नये, एवढं नक्की. झोप काढ, मग ठरव.

आता बेल. म्हातारं माणूस रात्री चौदा वेळा बेल दाबून "काही नाही" म्हणतं, तेव्हा बहुतेक वेळा काहीतरी असतं, फक्त त्याला ते सांगता येत नसतं. लघवी तुंबलेली असते. शौचाला झालेलं नसतं. चश्मा किंवा कानाचं यंत्र नातेवाईक घरी घेऊन गेलेले असतात आणि अंधारात समोर कोण उभं आहे ते कळत नाही. न्यूमोनियात ऑक्सिजन कमी पडायला लागला की माणूस आधी बेचैन होतो, ओठ निळे फार उशिरा पडतात. आणि हे सगळं मिळून डिलिरियम होतो, म्हणजे माणूस अचानक भ्रमिष्टासारखा होतो, तो रात्री वाढतो. "रात्रभर अस्वस्थ होत्या" हे तू हँडओव्हरला दिलंस ना, ते वाक्य खरं तर चांगलं निरीक्षण होतं. तू ते पांघरूण घालायला वापरलंस.

अशा पेशंटला मी काय करते सांगते. नाडी बघायच्या निमित्ताने मनगट धरते आणि त्यांचा हात त्यांच्याच छातीवर ठेवते. आधी नाडी मोजते. मग मनगट न सोडता पूर्ण मिनिटभर श्वास मोजते, हात वर-खाली होतो तो हाताला लागतो. श्वास मोजतेय हे सांगायचं नाही, सांगितलं की माणूस वेगळाच श्वास घ्यायला लागतो. मोठ्या माणसाचा मिनिटाला १२ ते २० हवा. पंचवीस निघाला तर उशी सारखी करत बसायचं नाही, डॉक्टरांना उठवायचं. मग ओटीपोटावर हात ठेवून बघते, फुगलंय का, दाबल्यावर तोंड वाकडं होतंय का. टाचा बघते. लाल दिसलं तर बोटाने दाबून बघायचं, बोट काढल्यावर पांढरं पडून पुन्हा लाल झालं तर ठीक, लालच राहिलं तर बेडसोअरची, म्हणजे पडून राहून होणाऱ्या जखमेची, सुरुवात. हे सगळं चार-पाच मिनिटांत होतं. तुझे त्या रात्री चौदा खेपांत किती गेले?

आणि बेलची वाट बघू नकोस, बेलच्या आधी जा. दर तासाला जाऊन दुखतंय का, लघवीला जायचंय का, कूस बदलू का, पाणी आणि बेल हाताशी आहे का, एवढं विचारायचं. अमेरिकेत काही रुग्णालयांत हे करून पाहिलं, २००६ मध्ये त्यावर लेख आला, त्यात बेल वाजणंही कमी झालं आणि पेशंट पडणंही. वॉर्डात माणसं कमी असली की जमत नाही, मान्य. तरी अशा एका-दोघांसाठी जमवता येतं.

शेवटचं, आणि यात सूट नाही. जे झालं ते इनचार्ज सिस्टरना सांग. पेशंट पडला नाही, पण पडणार होता, याचीही नोंद होते.

ब्रदर

पुरुष नर्स आहे, त्यामुळे "डॉक्टर व्हायला नाही जमलं का?" हा प्रश्न आठवड्यातून एकदा खातो. मला कसलीही हाक आली नव्हती. नोकरी लागते म्हणून आलो, अकरा वर्षं झाली, आवडतंय. जखमेचं ड्रेसिंग मी फार चांगलं करतो. पोकळीतली जखम तळापासून भरत वर येते, वरून बंद झाली तर आत पू साठतो. तो लालसर, दाणेदार थर हळूहळू वर येताना बघण्यात जी मजा आहे ती मला अजून पुरते.

"सेवा" या शब्दाचं मला वावडंच आहे. सुट्टी मागितली की सेवा. दोन माणसांचं काम एकाला दिलं की सेवा. पगार थकला की पुन्हा सेवा. डॉक्टरांनी किंवा औषधवाल्याने हे ऐकून घेतल्याचं मी पाहिलेलं नाही. तू आजोबांचं सगळं केलंस ते माया होती म्हणून. ती आजी तुझी कुणी नव्हती, तिच्यावर मायेचा उमाळा आला नाही यात पाप काय? तिला उमाळा नकोच होता, बेडपॅन हवा होता.

मिणमिणती

ब्रदर, पटलं, पण थोडंसंच. शेवटचं वाक्य कडक. पण आजी "तू आहेस ना?" असंही विचारत होत्या, ते बेडपॅनसाठी नव्हतं.

ब्रदर

हं. तेही आहे.

इतिहासाचा किडा

अवांतर, पण विषयाला धरून. दिवा हातात घेऊन जी शपथ तुम्ही मुली घेता ती फ्लॉरेन्स नाइटिंगेलने लिहिलेली नाही. १८९३ मध्ये अमेरिकेत डेट्रॉइटला, तिथल्या नर्सिंग शाळेच्या प्रमुख लिस्ट्रा ग्रेटर यांच्या समितीने लिहिली आणि तिला नाव नाइटिंगेलचं दिलं.

आणि हाकेचं म्हणाल तर, ७ फेब्रुवारी १८३७ रोजी देवाने आपल्याला सेवेसाठी बोलावलं असं नाइटिंगेलने लिहून ठेवलंय. वय सोळा. गंमत अशी की सेवा कुठली, ते त्या हाकेत नव्हतंच. रुग्णसेवा हेच आपलं काम हे कळायला पुढे कित्येक वर्षं गेली, आणि कळल्यावर घरच्यांनी मोडता घातला. धड शिकायला मिळालं ते १८५१ मध्ये, जर्मनीत कायझर्सव्हर्थला, तेही तीन महिने. १८५४ च्या नोव्हेंबरात ती ३८ जणींना घेऊन तुर्कस्तानात स्कुतारीला, क्रिमियन युद्धातल्या ब्रिटिश सैनिकांच्या रुग्णालयात पोचली, तरी त्या हिवाळ्यात सैनिक मरतच राहिले. पुढच्या मार्चमध्ये स्वच्छता आयोग आला, त्याने गटारं उपसली, खोल्यांत हवा खेळती केली, आणि मृत्यू झपाट्याने उतरले. नंतर तीच आकडे आणि तक्ते घेऊन सरकारच्या मागे लागली. लोकांच्या लक्षात दिवा राहिला. गटारांची तसबीर कोण लावणार?

जुनी सिस्टर

थिएटर-डायलिसिसचं राहिलं. थिएटरला बेल नाही, पण तिथे गॉज, म्हणजे रक्त टिपायचे जाळीदार कापडाचे तुकडे, मोजताना एक कमी निघाला की काय होतं ते बघ एकदा. डायलिसिसला तीच माणसं आठवड्याला दोन-तीनदा, वर्षानुवर्षं येतात, कुणाला ते आवडतं, कुणाला जड जातं. सगळी पोस्टिंग पुरी कर, मग बोल. आणि सोडलंस तरी आभाळ कोसळत नाही. सिसिली सॉन्डर्स नर्स होती, पाठीच्या दुखण्याने काम सोडावं लागलं, मग रुग्णालयात समाजसेविका झाली, मग चाळिशीच्या उंबरठ्यावर डॉक्टर, आणि १९६७ मध्ये लंडनला मरणाच्या वाटेवरच्या माणसांसाठी सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस काढलं. तिने वाट बदलली, माणसं नाही बदलली. पण पाचव्या नाइटनंतर तिसऱ्या वर्षात सोडू नकोस.

वडिलांना इतक्यात काहीच सांगू नकोस. विचारलं तर "दमलेय" म्हण. खोटं नाहीये ते.

काठावरची

दोन दिवस आले नाही, क्षमस्व. अकरा तास झोपले.

इनचार्ज सिस्टरना सांगितलं. मला वाटलं ओरडतील. त्यांनी फॉर्म पुढे केला, "वेळ लिही, बरोबर लिही," म्हणाल्या. दहा मिनिटं हा आकडा लिहिताना हात थरथरला. मग पाच नाइट लागोपाठ कुणी लावल्या ते त्यांनी विचारलं आणि तेही लिहून घेतलं.

आजींना भेटायचं होतं, पण त्यांना डिस्चार्ज मिळाला होता. केस पेपर बघितला. दुसऱ्या दिवशी सकाळी कॅथेटर (लघवीची नळी) घातलं होतं, नऊशे मिली लघवी निघाली. म्हणजे त्या रात्रभर... असो. तिसरा मजला, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला.

बेलची चीड गेलेली नाही. काल कमी होती एवढंच. राहायचं की नाही ते हे पोस्टिंग संपल्यावर ठरवीन.

एक फालतू शंका. मनगट धरून मिनिटभर श्वास मोजायचा, पण वॉर्डात मनगटी घड्याळ चालत नाही आणि भिंतीवरचं माझ्या पाठीमागे येतं. मान वळवली की छाती दिसत नाही. तुम्ही कसं करता?

जुनी सिस्टर

फालतू नाही. छातीवर पिनने लावायचं घड्याळ मिळतं, सेकंदकाटा असलेलं घे. ते उलटं टांगलेलं असतं, बारा खाली. बघणाऱ्याला विचित्र दिसतं, आपण मान खाली घातली की सरळ दिसतं. डाव्या बाजूला लाव, आणि पेशंटला उचलून सरकवताना काढून खिशात ठेव, नाहीतर त्यांच्या गालाला लागतं.