लोवेलला शनिवारी: स्टेशनपासून बूट मिलपर्यंत कसं जायचं?

मॉल्डनहून:
मंडळी, जरा तातडीचं आहे. माझी लालबागची मैत्रीण आलीय, तिला फक्त हा शनिवार मोकळा आहे. तिचे वडील गिरणीत होते, त्यामुळे बाकी काही नाही दाखवलं तरी चालेल, लोवेल, इथलं जुन्या कापडगिरण्यांचं शहर, दाखवायचंच. मी हायवेवर गाडी चालवत नाही, तेव्हा बॉस्टनच्या नॉर्थ स्टेशनहून आगगाडी. शनिवार-रविवारचा १० डॉलरचा पास काढणार आहे. अडचण पुढची आहे. लोवेल स्टेशनपासून बूट मिल, म्हणजे जुन्या गिरणीतलं म्युझियम, मैलाच्या वरच आहे आणि हिचा गुडघा बदललेला. आपल्या मराठी मंडळाच्या सहलीत बस थेट दारात गेली होती, म्हणून मला काहीच अंदाज नाही. कोणी चालत गेलंय का?

नॅशुआकर वहिनी:
अगं, आगगाडीच्या भानगडीत पडू नकोस. कोणाला तरी गाडी घेऊन चल म्हण. डटन स्ट्रीटला नॅशनल पार्कच्या व्हिजिटर सेंटरचा पार्किंग लॉट आहे, पार्क, म्हणजे या जुन्या गिरण्या आणि कालवे, बघायला येणाऱ्यांना फुकट. आम्ही पाहुण्यांना नेहमी तिथेच नेतो. आधी फिल्म बघायची, मग कालव्याच्या कडेने रमतगमत बूट मिल.

मॉल्डनहून:
वहिनी, पण रमतगमत म्हणजे चालणं आलंच ना? तिथून मिल किती लांब?

नॅशुआकर वहिनी:
दहा-बारा मिनिटं. ट्रॉली चालू असेल तर तेवढंही नाही. सपाट रस्ता आहे.

बर्लिंग्टनकाका:
वहिनींचा क्रम मला पटत नाही. पाय दुखायच्या आत बूट मिल झाली पाहिजे, फिल्म नंतर. स्टेशनाबाहेर टॅक्सी करा आणि थेट मिलच्या अंगणात उतरा. चार पैसे जास्त गेले तर जाऊ देत.

का सांगतो ते ऐका. तळमजल्यावर साचेखातं आहे, ८८ साचे, म्हणजे कापड विणायचे माग, मांडलेले. सगळे एकदम चालवत नाहीत, पण जेवढे चालतात तेवढ्यांनी पायाखालची जमीन हलते. दारातच कानात घालायला बोळे देतात, ते घ्यायचे. साचे ड्रेपर कंपनीचे आहेत, ऑटोमॅटिक. उजव्या हाताला एक गोल चक्र असतं, त्याला बॅटरी म्हणतात, तिच्यात सुताच्या कांड्या भरलेल्या. चालू कांडी संपत आली की नवी कांडी दणक्यात धोट्यात, म्हणजे आडवा धागा इकडून तिकडे नेणाऱ्या लाकडी शटलमध्ये, बसते, रिकामी खाली पडते आणि साचा थांबत नाही. हे नीट उभं राहून बघा, डोळ्याचं पातं लवेपर्यंत होऊन जातं. मी मुंबईच्या व्हीजेटीआय कॉलेजमधून बाहेर पडून ज्या गिरणीत लागलो तिथे साधे साचे होते. कांडी संपली की साचा थांबवायचा, कांडी हाताने बदलायची आणि दोरा धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यायचा. कापसाची किटण सगळी छातीत. तुझ्या मैत्रिणीच्या वडिलांनी साचेखात्यात काम केलं असेल तर तिला हे सांगावं लागणार नाही. ते कुठल्या खात्यात होते? त्रासनखात्यात, म्हणजे सूतकताईत, असतील तर वरच्या मजल्यावरचं प्रदर्शनही बघा.

मराठी शाळेच्या बाई:
काका, यंत्रांबद्दल तुम्ही लिहिलंत ते उत्तम, पण ती चालवणाऱ्या मुलींबद्दल एक ओळ नाही. मी शाळेच्या मुलांना नेते तेव्हा आधी शेजारच्या बोर्डिंग हाऊसमध्ये, म्हणजे गिरणीतल्या मुली राहायच्या तिथे, नेते. न्यू इंग्लंडच्या शेतांवरून आलेल्या मुली होत्या त्या. पहाटे साडेचारला घंटा, आठवड्याला ७३ तासांच्या आसपास काम. पुस्तक आत न्यायला बंदी, तर कवितांची कात्रणं खिडकीच्या चौकटीला चिकटवून वाचायच्या. १८३४ साली मजुरी कापली म्हणून संप केला, १८३६ मध्ये खानावळीचे दर वाढवले म्हणून पुन्हा केला. त्यांच्यातलीच सारा बॅगली १८४५ साली दहा तासांच्या दिवसासाठी आमदारांच्या समितीपुढे उभी राहिली. मॅसॅच्युसेट्समध्ये बायका-मुलांसाठी तो कायदा झाला १८७४ साली.

आपले नारायण मेघाजी लोखंडे १८८४ मध्ये हजारो गिरणी कामगारांच्या सह्या गोळा करत होते, रविवारची सुट्टी मिळाली १० जून १८९० ला. लालबागच्या मुलीला हे दोन्ही एकत्र सांगायला हवं. कापसाचंही सांगा. इथला कापूस दक्षिणेतल्या गुलामांनी वेचलेला. १८६१ला अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाल्यावर लोवेलच्या कंपन्यांनी साठ्यातला कापूस विकून गिरण्या बंद केल्या, हजारो लोक रस्त्यावर आले. अमेरिकेचा कापूस अडल्यामुळे त्याच चार वर्षांत मुंबईत कापसाच्या पैशाचा पूर आला आणि १८६५ मध्ये सगळं कोसळलं. एकाच युद्धाची ही दोन टोकं आहेत.

बर्लिंग्टनकाका:
बाई, मुलींचं मान्य. पण कालवे विसरू नका. मेरिमॅक नदीचा पॉटकेट धबधबा सुमारे ३२ फूट उतरतो, ते पाणी कालव्यांनी गिरण्यांत नेऊन यंत्रं फिरवली, त्यावर सगळं शहर उभं राहिलं. १८५० मध्ये कालव्यांचा इंजिनिअर जेम्स फ्रान्सिसने पूर अडवायला एक अवाढव्य लाकडी दरवाजा बांधून टांगून ठेवला, लोक त्याला खुळा म्हणाले. १८५२ ला पूर आला, दरवाजा खाली सोडला आणि शहर वाचलं. १९३६ ला पुन्हा तेच. जगभरच्या जलविद्युत केंद्रांत जे फ्रान्सिस टर्बाइन फिरतं ते याच माणसाचं.

सहल समिती:
नमस्कार. लोवेल समितीच्या सप्टेंबरच्या यादीत आहे. व्यक्तिगत जायला कोणाचीच हरकत नाही, पण इथे माणसं जमवून वेगळा गट करू नये ही विनंती. बसचं बुकिंग माणसं मोजून होतं, मागच्या खेपेला ऐनवेळी गळती झाली होती.

नॅशुआकर वहिनी:
दोघी मैत्रिणी चालल्यात, त्याला गट कसं म्हणायचं? बरं, जेवणाचं. कॅम्बोडियन लोकांची मोठी वस्ती आहे तिथे, नूडल सूप झकास मिळतं. शाकाहारी असाल तर आधी विचारा, फिश सॉस असतो.

मराठी शाळेच्या बाई:
डबा न्यावा. कालव्याकाठी बाकं आहेत.

मॉल्डनहून:
सगळ्यांचे आभार. मैत्रिणीला विचारलं, वडील साचेखात्यातच होते, दोन साचे सांभाळायचे. काकांची मेल तिने दोनदा वाचली आणि म्हणाली, आधी साचेखातं, मग बोर्डिंग हाऊस, फिल्म राहिली तरी चालेल. जाताना आगगाडी आणि टॅक्सी असं ठरलंय. येताना पाचनंतर कोणी बॉस्टनच्या दिशेने येत असेल तर कळवा.

बर्लिंग्टनकाका:
येताना कशाला, जातानाही मीच नेतो. साडेनवाला मॉल्डन स्टेशनच्या दारात थांबा. तिला म्हणावं, वडिलांच्या गिरणीचं नाव विचारून ठेव, मला त्यांच्याशी फोनवर बोलायचंय.